सहाव्या पट्ट्यातला मका

जुलैची चार तारीख, शुक्रवार. सागाच्या पट्ट्यांत मक्याची टोबणी. हजर: मी, माझी थोरली जाऊ, माझी मुलगी, मेंढ्यावाली मावशी आणि मावशीची सून. एकूण पाच. गैरहजर: नवरा, परभणीला नोकरीवर, मुलगा, पुण्याला. जमीन ओली, ढग आहेत, पाऊस नाही. सुरुवात सकाळी साडेसात, शेवट दुपारी तीन.

वहीतलं हे पान जसंच्या तसं उतरवलं आहे. कामाच्या दिवशी कोण कोण आहे हे मी आधी लिहिते, मग काम सुरू करते. घरात यावरून माझी भरपूर चेष्टा होते. पण यंदा ही हजेरी मी कितीदा उघडून पाहिली त्याला गणती नाही. पाच जणी. दर वेळी पाचच. आणि शेतात सहाव्या हाताचं काम उभं आहे.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत. नाल्याला लागून आमचा अर्धा एकर साग आहे. चौदा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या दिरांनी लावला. गाडीवाटेपासून नाल्यापर्यंत झाडांच्या सात रांगा, आणि दोन रांगांच्या मध्ये पंधरा फुटांची मोकळी जागा. असे सहा पट्टे. दीर परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी मेळाव्याला गेले होते, तिथून आले ते ठरवूनच. झाडांच्या मधल्या जागेत मका घ्यायचा आणि मक्याच्या बुडाशी शेंगांचा वेल. मका वेलाला आधार देईल, वेल जमीन झाकेल, झाडांचा पाला जागेवरच कुजेल. गाव हसलं. सागात मका म्हणजे वानरांना आवतन, असं पारावर बोलणं झालं. दिरांनी ऐकलं नाही. मका आला, शेंगाही आल्या.

आमच्या घरात टोबणीची एक रीत आहे. टोबणी म्हणजे दाणा दाणा हातानं जमिनीत टाकणं. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक पट्टा असतो आणि त्या पट्ट्यातली पहिली ओळ ज्याची त्यानं धरायची. माणूस गावाला गेलेलं असेल तर त्याची ओळ जवळच्यानं धरायची, पण मुक्यानं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की ओळ तिथंच सोडायची. काढणीलाही ज्या हातानं टोबलं त्याच हातानं आधी तोडायचं. आणि मेलेल्या माणसाला पट्टा नसतो. त्याच्या नावानं मूठभर दाणे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाखरांना टाकतात, संपलं.

नऊ वर्षांपूर्वी दीर बांबूची रोपं बघायला म्हणून गंगाखेडकडे निघाले. फाट्यावर बसमध्ये चढताना त्यांना एका पानटपरीवाल्यानं पाहिलं. त्यानंतर कुणीच पाहिलं नाही. पोलिसात कळवलं, नातेवाइकांकडं शोधलं, दवाखाने पाहिले. त्यांची भाकरीची पिशवी त्या दिवशीही सहाव्या पट्ट्यातल्या सागाला अडकवलेली होती. तिच्यासाठी त्यांनी आपल्या डोक्याच्या उंचीवर झाडात एक मोठा खिळा ठोकला होता. पिशवी जावेनं काढून आणली. खिळा राहिला. आता साल त्याच्यावर चढली आहे आणि खिळ्याचं डोकं तेवढं डोळ्यासारखं बाहेर दिसतं.

जावेला मी आक्का म्हणते. आक्कांना मूलबाळ नाही. नऊ वर्षं दिरांच्या नावाची ओळ त्या स्वतःच मुक्यानं धरत आल्या.

यंदा उन्हाळ्यात वकिलानं माझ्या नवऱ्याला सांगितलं की इतकी वर्षं माणसाची खबर नसेल तर कोर्टात अर्ज करून तो हयात नाही असं ठरवून घेता येतं. त्याशिवाय दिरांच्या वाट्याच्या जमिनीवर आक्कांचं नाव लागणार नाही. अर्ज आक्कांच्याच सहीनं जायला हवा. नवरा एका रविवारी कागद घेऊन आला आणि ओसरीवर बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"वैनी, तुमच्याच भल्याचं हाय. उद्या आमी न्हाई राह्यलो तर तुमाला कोन इचारील?"

आक्का गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "म्हंजी मी लिहून द्यायचं, की ते गेले म्हणून?"

"तसं न्हाई. खबर न्हाई, एवढंच."

"खबर न्हाई हे तर समद्या गावाला ठाव हाय. त्याला माझं दस्कत कशाला?" मग सुपातला एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "यंदाचा मका निघू द्या. मका निघाला की दस्कत करते."

मी वहीत लिहून ठेवलं: अर्ज, सही, मका निघाल्यावर.

जूनमध्ये टोबणीची यादी केली तेव्हा मी पाचच पट्टे धरले. कारण खरं होतं. हिवाळ्यात सागाची छाटणी पाच पट्ट्यांपर्यंत झाली आणि मजूर दुसऱ्या कामाला गेले. सहाव्यात फांद्या हाताला लागतील इतक्या खाली आलेल्या, ऊन येत नव्हतं. सावलीत मका नुसता उंच वाढतो, कणीस धरत नाही. म्हणून सहावा पडीक. नावं लिहिली: नवरा, मी, मुलगी, मुलगा, आक्का. पाच पट्टे, पाच नावं, यादी नेटकी बसली. मी सावली बघितली, नाव बघितलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. नाव बघितलं होतं. सही होणारच आहे, मग सुरुवात इथून झाली तर काय बिघडलं, असं मनात येऊन गेलं होतं.

टोबणीच्या दिवशी पाचवा पट्टा संपत आला तेव्हा मावशीनं विचारलं, "बाई, त्यो कडंचा?"

"तो यंदा तसाच ठेवायचा. सावली फार आहे."

आक्का पदराच्या ओट्यात दाणे घेऊन उभ्याच होत्या. "वहीत न्हाई का?"

"नाही आक्का."

"बरं."

एवढंच. दाणे त्यांनी पाटीत परत ओतले. धुऱ्यावर मूठ टाकायलाही त्या गेल्या नाहीत. दिरांचं नाव त्या दिवशी पट्ट्यातही नव्हतं आणि धुऱ्यावरही नव्हतं.

अकराव्या दिवशी मी उगवण बघायला गेले. कुठं दाणा उगवला नसेल तिथं नव्यानं टाकायचा असतो, म्हणून वही, पेन, पिशवीत दाणे. पाच पट्टे चांगले उगवले होते. परत फिरताना सहज डावीकडं नजर गेली.

सहाव्या पट्ट्यात बरोबर मधोमध मक्याची एक ओळ उगवली होती. गाडीवाटेपासून थेट नाल्यापर्यंत. प्रत्येक मक्याच्या बुडाशी शेंगेच्या वेलाची दोन-दोन कोवळी रोपं.

मी आधी कारणं लिहून काढली. मागच्या वर्षीचे सांडलेले दाणे: सांडलेले दाणे दोरी लावल्यासारखे उगवत नाहीत. वानर, पाखरं: तेच. कुणीतरी टोबलं: कुणी? आम्ही बाया खुरप्यानं खड्डा करतो. इथं खुरप्याची खूण नव्हती. काळ्या मातीत टाचेचे गोल खळगे होते, वाळून घट्ट झालेले. सगळे डाव्या टाचेचे. दीर असंच टोबायचे. उजव्या पायावर कधीतरी कुऱ्हाड लागली होती, म्हणून जोर डाव्या टाचेवर. टाच रोवायची, दाणे टाकायचे, उजव्या पायानं माती ओढायची. शिवाय आम्ही शेंगेचं बी मका गुडघ्याला आल्यावर टाकतो. मका आणि शेंग एकाच वेळी जमिनीत घालणारा माणूस मी एकच पाहिला होता. ते म्हणायचे, संगं निघू द्या, संगं चढतील.

मी विती टाकून अंतर मोजलं. गाडीवाटेकडच्या टोकाला दोन वीत. नाल्याकडच्या टोकाला अडीच वीत. एकाच ओळीत दोन मापं बरी दिसत नाहीत. माझ्या मोजण्यात फरक पडला असेल असं धरून मी सरासरी काढली आणि वहीत सव्वादोन वीत असं लिहिलं. खाली कच्ची मापंही लिहिली, कारण ती सवयच आहे.

संध्याकाळी हजेरीतल्या एकेकीला विचारलं. मुलगी म्हणाली, "आई, मला सांगितलेल्या ओळी संपेनात, मी वरची कशाला धरू?" मावशी मेंढरं घेऊन वाटेनं चालली होती. ती हसायलाच लागली. "मी फुकट कशाला टोबू बाई? टोबलं असतं तर दारात येऊन दिसाचा रोज मागितला असता." सुनेलाही तिनंच परस्पर मोकळं केलं. "तिला घरचं झाडायला लावायचं तर चार हाका लागतात." मग जाता जाता थांबली. "पर मेंढरं त्या पट्ट्यात जाईनात. कवळा मका बघून तोंड घालत्यात का न्हाई? तोंडाशीच उभी राह्यली. लय हाकललं."

आक्कांना शेवटी विचारलं.

"पट्टा तुज्या यादीत न्हाई ना कारभारीणबाई," त्या म्हणाल्या, "मग इचारतीस कशाला?"

ऑगस्ट गेला. पाच पट्ट्यांतलं काम चालू होतं: खुरपण, चवळी, खत. सहाव्यात मी जात नसे. जायचं कारण नव्हतं, यादीत काही काम नव्हतं. तरी पाचव्यात वाकून खुरपताना कानाला कळायचं. मक्याची पानं एकमेकांवर घासली की कुणीतरी नवं धोतर नेसून चालत असल्यासारखा आवाज होतो. सागाखाली तो आवाज जास्त येतो. शेतात राहणाऱ्याला याची सवय असते, मलाही आहे.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी वारा पूर्ण पडला होता. मी एकटीच होते. पाचही पट्ट्यांतला मका उभा, एक पान हलत नव्हतं. आणि सहाव्यातला मका हलत होता. सगळा नाही. खिळ्याच्या झाडापासून नाल्यापर्यंतचा. एकापाठोपाठ एक ताट, म्हणजे मक्याचा उभा दांडा, मान वाकवायचं आणि सरळ व्हायचं, जणू ओळीतून कुणीतरी जात होतं आणि प्रत्येकाला हात लावत होतं. मी खुरपं धरून उभी राहिले. ती हालचाल नाल्यापर्यंत गेली. थांबली. मग परत आली.

मी पळाले नाही. पळाले असते तर आज हे लिहिताना बरं वाटलं असतं. मी जवळ जाऊन बघितलं. त्या अर्ध्या ओळीतला वेल चवळीचा नव्हता, वालाचा होता. वाल मक्यावर चढून तिथंच थांबला नव्हता, वर न छाटलेल्या सागाच्या फांद्यांना जाऊन पोचला होता. वर शेंड्याला जो थोडा वारा होता त्यानं फांद्या हलत होत्या, आणि वेल ती हालचाल खाली मक्यापर्यंत आणत होता. झाड हललं की मका मान हलवत होता. इतकं सरळ आहे ते. मी वहीत लिहिलं आणि घरी आले. दुपारची मात्र त्या बाजूला पुन्हा एकटी गेले नाही.

वाल कुठून आला, हे कोडं राहिलं. दीर वाल लावायचे. ते गेल्यावर आमच्याकडं चवळीच असते, वालाचं बी घरात ठेवलेलंच नाही.

काढणीच्या आदल्या दिवशी मी माळ्यावर पोती शोधत होते. एका पोत्यात दिरांच्या शेतात घालायच्या वहाणा सापडल्या. नऊ वर्षांच्या धुळीनं पांढऱ्या व्हायला हव्या होत्या. पण डाव्या वहाणेच्या टाचेला काळी माती होती, यंदाची. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच पोत्यावर बसले. आक्का. वहाणा घालून, डावी टाच रोवत, त्यांच्यासारखंच. वालाचं बीही कुठंतरी राखेत जपलेलं असणार. मी वहाणा होत्या तशा ठेवल्या आणि लिहिलं: उलगडा झाला. बोलायचं नाही. उद्या काढणी, मग सही.

दुसऱ्या दिवशी नवराही रजा काढून आला होता. कागद त्याच्या बॅगेत होते. पाच पट्टे दुपारपर्यंत झाले. मग आक्का सहाव्या पट्ट्याच्या तोंडाशी गेल्या आणि कणसं तोडायला लागल्या. मी पाटी घेऊन मागं गेले. कणसं बारीक होती, सावलीतली. खिळ्याच्या झाडापाशी आल्या आणि त्यांनी हात पदराला पुसले.

"झालं," म्हणाल्या.

"अजून अर्धी ओळ आहे की आक्का."

"माजी इथवरच."

मी म्हणाले, "मला ठाऊक आहे. वहाणा बघितल्या मी. त्यात काय झालं? दरवर्षी तुम्हीच धरता त्यांची ओळ."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. "धरली की. तुज्या यादीत न्हाई म्हणून दुसऱ्या दिशी सकाळी एकटीच आले. मुक्यानं इथवर आले. मग ह्यो खिळा दिसला अन् तोंडातून शब्द निघाला."

"काय?"

"म्हनलं, जेवलाव का."

वर फांदी हलली असावी, पुढचं ताट हललं.

"शब्द निघाला, मग पुढं कशी धरू? सोडली. रडत घरी गेले, वहाणा ठेवल्या. मनात म्हनलं, अर्धी तर अर्धी. अन् पंधरा दिसांनी बगते तर नाल्यापत्तोर उगवलेलं." पुढचा वेल बोटानं दाखवून म्हणाल्या, "माज्या ओट्यात मक्यासंगं नुसती चवळी होती. वाल मी कुठून आणू?"

मी वही उघडली. जुलैचं पान. गाडीवाटेकडून दोन वीत, नाल्याकडून अडीच वीत. आक्का ठेंगण्या आहेत. वहाणा कुणाच्याही घातल्या तरी त्यांचं पाऊल दोन वितीपलीकडं जाणार नाही. मी तिथंच खाली बसून खिळ्याच्या झाडाच्या अलीकडची चार आणि पलीकडची चार अंतरं पुन्हा मोजली. झाडापर्यंत दोन. झाडापासून अडीच. दोन मापं जुलैतच माझ्या हाती होती आणि मी त्यांची सरासरी काढून बसले होते.

नवरा वाटेवरून ओरडला, "झालं का वैनी? निघाला का मका?"

आक्का ओरडून म्हणाल्या, "न्हाई भाऊजी. अजून उभा हाय."

त्या रात्री नवऱ्यानं मला समजावलं. कुणीतरी गंमत केली असेल, मावशीनं दया येऊन ओळ पुरी केली असेल. मी मावशीला पुन्हा विचारलं. यावेळी ती हसली नाही. "बाई, पोराची आन, मी न्हाई. अन् आता मला इचारू नगा." आक्कांचं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्या हातानं टोबलं त्याच्या हातानं तुटेल. ते आले तर तोडतील. न आले तर उभा राहील. आणि मका निघाला की दस्कत, हा शब्द त्यांनी दिलेला आहे, तो त्या मोडणार नाहीत. त्यांच्या तोंडावर नऊ वर्षांत पहिल्यांदा तजेला आला आहे. रोज सकाळी केस विंचरून कुंकू नीट लावतात. वकिलाचे फोन येतात. नवरा म्हणतो, एका विळ्याचं काम आहे, तूच कापून टाक, पाच मिनिटं लागतील.

मला ते पटतं. जमिनीवर त्यांचं नाव लागायला हवं, हेही पटतं. मी दिवाळीनंतर एकदा विळा घेऊन गेले होते. सकाळची वेळ होती, ऊन होतं, भिण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या ताटाला हात घातला. वालाच्या शेंगा त्यावर भरून आल्या होत्या, फुलंही होती. मका कधीचाच वाळला होता, पण वेल त्याला वर फांदीला धरून होता, पडू देत नव्हता. मी ताट ओढलं. वरून कुणीतरी तितक्याच जोरानं परत ओढलं. फांदी होती. मला माहीत आहे फांदी होती. मी विळा घेऊन घरी आले.

आता मार्गशीर्ष लागला आहे. वहीतलं यंदाचं पान जवळजवळ पुरं झालं. मका सोलून, वाळवून झाला. चारा रचला. चवळीचं बी राखेत घालून डबा बंद केला, वर नाव-वर्ष लिहिलं. पाच पट्ट्यांतली सागाची छाटणी परवा झाली. सहाव्याची छाटणी करायची तर आधी वेल तोडावा लागेल, म्हणून मजुरांना तिथून परत पाठवलं. अर्ज फाइलीत आहे, सहीची जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे.

सहावा पट्टा, खिळ्याच्या झाडापासून नाल्यापर्यंत: काढणी बाकी.